उलट पावली जाणारे श्रोते

सोम. ४ ऑगस्ट
प्रवचनाच्या प्रशिक्षणवर्गात नाव घातलं. म्हणजे बिशपसाहेबांनी घातलं. मला आता शिकायचं असं काही उरलेलं नाही, पण तरुण पाद्र्यांना माझ्याकडून चार गोष्टी कळतील.

बुध. ६ ऑगस्ट
शिकवणारे हायर झारेह; आमच्यात फादरना हायर म्हणतात. वय माझ्या धाकट्या मुलाएवढं. नियम: प्रवचन आठ मिनिटं. मुद्दा एक. संपल्यावर तीन श्रोत्यांना विचारायचं, काय ऐकलंत? मी म्हटलं, आठ मिनिटांत माझा घसाही साफ होत नाही. वर्ग हसला. लोकांना माझा विनोद आवडतो.

रवि. १० ऑगस्ट, दुपारी
विषय नोहाची नौका. मी सुरुवात केली तसे लोक मेणबत्त्या लावून निघाले. आमच्यात वेदीकडे पाठ करत नाहीत, उलट पावली बाहेर जातात. त्यामुळे दारापर्यंत त्यांचं लक्ष माझ्यावरच असतं. हे हायर झारेहना समजावून सांगितलं पाहिजे.

शेवटी उरले दोघंच: बायको हायकुश आणि घंटा वाजवणारा मनवेल. काय ऐकलंत विचारलं. मनवेल म्हणाला, हायर, आज तुमचा आवाज झकास लागला होता. हायकुश म्हणाली, नौका होती ना त्यात? तिसरा श्रोता मिळाला नाही. उन्हाळा आहे, मळ्याला पाणी द्यायची घाई असते.

मंगळ. १२ ऑगस्ट
हायर झारेह म्हणाले, तुमचा मुद्दा शोधा. शोधायचा काय? सहा आहेत!

ते येत्या रविवारी द्राक्षांच्या सणाला येणार आहेत. लोक थांबले तर सप्टेंबरात क्रूसाच्या सणाला बिशपसाहेबांच्या मोठ्या चर्चमध्ये प्रवचन माझं. खरं सांगायचं तर मोठ्या चर्चचं एवढं नाही. वीस वर्षं बोलतोय, एकदा तरी हे गाव शेवटच्या वाक्यापर्यंत थांबावं. फार वाटतं.

गुरु. १४ ऑगस्ट
सुचलं! द्राक्षांना आशीर्वाद दिल्याशिवाय गावात कोणी एक मणी तोंडात टाकत नाही. त्यातून हा उपासाचा आठवडा. तेव्हा आधी प्रवचन, मग आशीर्वाद. हायकुश म्हणाली, अहो, ही तर सरळसरळ अडवणूक झाली. मी म्हटलं, याला तंत्र म्हणतात.

रवि. १७ ऑगस्ट, संध्याकाळी
विजय! एक माणूस हलला नाही! टोपल्यांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, मुलं रडत होती, तरी कोणी हललं नाही. हायर झारेह कोपऱ्यात उभे. सारखं घड्याळ बघत होते, बहुधा वेळ कसा गेला याचं नवल वाटून.

पाचव्या मुद्द्याला एक व्यत्यय आला. रोस्तोम आणि अर्शाक हे शेजारी. पाटाच्या पाण्यावरून त्यांचं बोलणं बंद आहे. कोणाची टोपली पुढे, यावरून दोघांची ढकलाढकली सुरू झाली. माझी तंद्री मोडली. ओरडलो, भांडताय काय रे, तू याच्या टोपलीतली खा, याला तुझ्यातली दे! आणि परत पाचव्या मुद्द्यावर आलो.

सोम. १८ ऑगस्ट
तीन श्रोत्यांना विचारलं. तिघांनी तेच सांगितलं: तू याच्या टोपलीतली खा. चौथीला विचारलं, तिनेही तेच! अहो, ते प्रवचनात नव्हतंच! संतापून हायर झारेहना फोन केला. ते म्हणाले, अभिनंदन, तेवढंच तर प्रवचन होतं, बाकीचं गाळा. तरुण पिढीला ऐकून घेण्याची सवयच नाही.

मनवेल सांगत होता, काल रात्री रोस्तोमने आपली पाण्याची पाळी अर्ध्यावर थांबवून पाणी अर्शाकच्या मळ्याकडे सोडलं. असेल. त्याचा प्रवचनाशी काही संबंध नाही.

शुक्र. २२ ऑगस्ट
निर्णय. लोकांना ते वाक्य एवढं आवडलंय, तर आता ते सविस्तर मांडायचं. नऊ मुद्दे निघाले. टोपलीचा इतिहास वेगळा. मोठ्या चर्चचं बोलावणं आता येतंच आहे. हायकुशला झग्याला इस्त्री करायला सांगितलं. ती म्हणाली, करते, पण आठ मिनिटांत बसवा. बाईमाणसाला पाल्हाळाची गोडी कळत नाही.

रवि. २४ ऑगस्ट
आज द्राक्षं नव्हती. तरी रोस्तोम आणि अर्शाक आले. एकमेकांना खेटून, सगळ्यात पुढे उभे. असे दोघं माझ्यासमोर कधीच उभे राहिले नव्हते. मला भरून आलं.

पहिला मुद्दा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला अर्शाकने रोस्तोमच्या कानात काहीतरी विचारलं. चौथ्याला दोघं निघाले, उलट पावली, माझ्याकडे बघत. दारात रोस्तोमने अर्शाकला उंबरा दाखवला, अडखळू नये म्हणून.

उरलेले पाच मुद्दे हायकुशला सांगितले. मनवेलला झोप लागली होती.

मग तिला विचारलं, तू त्यांच्या मागेच होतीस, अर्शाक कानात काय म्हणाला गं? ती म्हणाली, तो विचारत होता, ते गेल्या वेळचं वाक्य परत कधी म्हणतील?