पहिल्या नंबरच्या गाण्यात सुगंधाचं नाव

विचुंबे, शुक्रवार, दिवेलागणीला

आज परत वाजलं. मागच्या आळीत हळद हाय, डीजेनं घरातली भांडी हालली. देवाला हात मागाहून जोडीन, आधी हे लिहिते.

गाणं नातीचं, रेश्माचं. तिची पहिली दोन गाणी कोणी ऐकली नाय. एक गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत तळाला लागलं न लगेच गळालं. तिसरं हळदीचं, माझ्याकडनं उचललेलं. ते पहिल्या नंबरावर बसलंय, उतरायचं नाव नाय.

पण या गाण्यात जिला हळद लागते तिचं नाव घालतात. दर लग्नाला नाव वेगळं. या पोरीनं लहानपणी आत्याच्या हळदीत माझ्या तोंडून ऐकलं, तसंच स्टुडिओत गायलं. आत्याच्याच नावानं. माझी सुगंधा. नवऱ्यानं टाकली, कधीची माझ्याकडे हाय. आता उलव्यापासून इथवर रोज तिलाच हळद लागते. गाणं लागलं की ती उठून खिडकी लावते. रडत नाय. खिडकी लावते फक्त.

दुखतं का, असं पोटच्या पोरीला विचारायचं तरी कसं?

रेश्माला फोन केला. म्हणते, "आजी, नाव किती मस्त बसलंय! बदललं तर नंबर जाईल."

"मग नंबरालाच हळद लाव," मी बोलले.

तर म्हणते, पप्पा आत्याला समजावतील.

पप्पा नाय, तिची गाणी बघतो तो मॅनेजर पण नाय. रविवारी रेश्मानं यायचं, आत्याच्या समोर बसायचं. नाव कोणाला विचारून घातलं, ते खिडकी उघडी ठेवून तिनंच सांगायचं.