कृपाचा एप्रिलमधला वाढदिवस

केज
७ एप्रिल २०२५

ती. रूथआत्यास,
हन्नाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं, पण तू ते डब्यातच ठेवतेस असं दादाने कळवलं. तेव्हा फोनवर ओरडण्यापेक्षा पत्रच बरं. माझा घसा वाचतो आणि तुलाही उलट उत्तर द्यायला सवड मिळते.

बदली होऊन इथे आल्याला वर्ष होत आलं. दवाखान्यात बाळंतपणं आणि लसी यांतून डोकं वर निघत नाही. कृपाचे पप्पा धारूरच्या आगारात, त्यांची गाडी निम्मे दिवस मुक्कामी असते. पण खोली चांगली मिळाली आहे, हे तुला मागेच कळवायचं राहिलं. आधी दोन ठिकाणी लोकांनी नाव विचारलं आणि मग खोली दिलेली आहे म्हणून सांगितलं. केसरमावशींनी मात्र एवढंच विचारलं, की नळाला दिसाआड पाणी येतंय, चालंल का. त्यांच्या परसातच राहतो आम्ही. भाजी निवडायला त्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, अगदी तुझ्यासारख्या.

आता काम. गेल्या ईस्टरला कृपाने तुझ्याकडे ती गोड अंडी केली होती, ती तिच्या डोक्यातून जात नाहीत. गल्लीतल्या मैत्रिणींना घेऊन तिला तशीच करायची आहेत. इथे आपलं एकच घर, प्रार्थनेला अंबाजोगाईला जावं लागतं. आपला सण कुणीतरी आपल्याबरोबर करावा, असं तिला फार वाटतं. पण ऊन असं आहे की चॉकलेट पिशवीतच पातळ होतं, आणि मुलींना मी गॅसपाशी जाऊ देणार नाही. चूल न पेटवता काही होत असेल तर लगेच कळव.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
हन्ना


जालना
११ एप्रिल २०२५

चि. सौ. हन्नास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र डब्यातच शोभतं. ते लावलं की शेजारणीचं सगळं ऐकू येतं.

चॉकलेटचा नाद सोड. ग्लुकोजची बिस्किटं पिशवीत घालून मुलींना लाटण्याने चुरू दे. त्यात सुक्या खोबऱ्याचा कीस, दुधाची पावडर, थोडी पिठीसाखर आणि हाताला जमेल तेवढंच दूध घाल. एकदम ओतलंस तर खळ होईल, आणि तुझा हात कसा आहे ते मला माहीत आहे. मध्ये एकेक मनुका ठेवून अंड्यासारखा आकार द्यायचा आणि वरून बडीशेपेच्या रंगीत गोळ्या चिकटवायच्या. झाल्यावर ताट माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेव. लहानपणी तू अर्धं मिश्रण कच्चंच खायचीस, म्हणून सामान थोडं जास्तच घे.

मुली वळत असताना त्यांना गोष्ट सांग. थडग्यावरचा दगड बाजूला झालेला होता आणि ते पहिल्यांदा बायकांनी पाहिलं, हे सांगायला विसरू नकोस. गल्लीत कुणी माळकरी असेल तर उगाच अंडी म्हणू नकोस, लाडू म्हण. कशाला कुणाच्या तोंडी लागायचं?

म्हातारीला विसरू नये, एवढंच मागणं.

तुझी,
रूथआत्या


केज
२२ एप्रिल २०२५

ती. रूथआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

ईस्टर आनंदात झाला, असं लिहून पत्र संपवणार होते. तसा कागद लिहिलाही होता, पण पाकिटात घालवेना. म्हणून आता जसं झालं तसं लिहिते.

शनिवारी दुपारी पाच मुली जमल्या. त्यांत केसरमावशींची नात रोहिणी होती आणि पलीकडच्या घरातली आम्रपाली होती. चुरा घरभर झाला. आम्रपालीचे लाडू बटाट्याएवढे व्हायला लागले, त्यावरून भांडणही झालं. मी गोष्ट सांगत होते. बायका पहाटे थडग्यापाशी पोचल्या, इथवर आले होते, तेवढ्यात दारातला उजेड अडला. केसरमावशींचा मुलगा बजरंग आला होता. त्याच्यामागे दोघं अनोळखी, त्यांतल्या एकाने फोन वर धरलेला. आमचं चित्रण चाललं होतं.

बजरंग तसा भला माणूस आहे. आमचं सिलिंडर तोच उचलून आणून देतो. त्या दिवशीही त्याने उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि मग विचारलं, सिस्टर, पोरींला काय शिकवायलात?

मुलांना खाऊ देऊन बाटवतात, असा एक निरोप सध्या सगळ्यांच्या फोनवर फिरतो आहे. दवाखान्यात मलासुद्धा एकीने दाखवला होता, मी कोण आहे हे न कळून. तेच आठवलं, आणि मी म्हणाले, की कृपाचा वाढदिवस आहे. आत्या, किती सहज म्हणाले. जणू घोकून ठेवलं होतं. बजरंग मोकळा हसला आणि म्हणाला, मग आदी सांगायचं न्हाई का. तिघांनी एकेक लाडू खाल्ला आणि गेले. गोष्ट मी पुढे सांगितलीच नाही.

एवढ्यावर निभावलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण संध्याकाळी केसरमावशी गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, कृपाला बसवून ओवाळलं. पोरीचा वाढदिस आन् मला ठावं न्हाई, म्हणून माझ्यावर रुसल्या. नात्यातल्या लग्नात घालायला रोहिणीला घेतलेला नवा कोरा फ्रॉक त्यांनी कृपाच्या मांडीवर ठेवला. मी हसत होते, सगळ्यांना चहा देत होते. रविवारी कृपा तोच फ्रॉक घालून चर्चमध्ये आली आणि सगळ्यांनी फ्रॉकचं कौतुक केलं. मी गीताचं पुस्तक मिटून ठेवलं.

मला लाज वाटते. खोटं बोलल्याची वाटतेच, पण त्याहून जास्त त्या ओवाळण्याची वाटते. ज्या बाईने नाव न विचारता घरात घेतलं, तिच्यापुढे मी नाव लपवलं. आता त्या ओट्यावर येऊन बसल्या की मी काहीतरी काम काढून आत जाते.

रागाव, पण लिही.

तुझी,
हन्ना


(वहीचा चौकोनी कागद, त्याच पाकिटात)

प्रिय आत्याआजी,
सलाम.

आईने पाकीट चिकटवायला दिलं म्हणून मी हे आत घातलं. लाडू छान झाले. बजरंगकाकांना मी सांगणार होते की माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो, पण आईने माझ्या पायावर पाय दिला. केसरआजी मला म्हणाली, शंभर वर्षं जग. ते चालतं का, का खऱ्या दिवशी परत म्हणावं लागतं? रोहिणीने विचारलं, तू आता नऊ वर्षांची झालीस का. मी हो म्हणाले. शाळेत मी आठच आहे. फ्रॉक मला आवडतो पण रोहिणी त्याच्याकडे बघत राहते.

ईस्टर ही लाजायची गोष्ट असते का? आईला विचारू नको.

तुझी,
कृपा


जालना
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. हन्नास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटात दोन पत्रं निघाली. दुसरं कृपाचं आहे, ते सोबत परत पाठवते. तुला विचारू नको असं तिने बजावलं होतं. पण घरात आधीच पुरेशी लपवालपवी झाली आहे, तीत मी भर घालणार नाही. तसं तिलाही कळवते आहे. तिने शेवटी जे विचारलं आहे त्याचं उत्तर मी देणार नाही. ते तुझ्याकडून जायला हवं.

घाबरलीस याबद्दल मी तुला एक अक्षर बोलणार नाही. दारात तीन पुरुष आणि त्यांतल्या एकाच्या हातात फोन, तिथे मी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. आणि अंड्यांना लाडू म्हण, हे तुला लिहिलं कुणी? मीच. ते लिहिताना मला काही वाटलंसुद्धा नाही, याची आता मला शरम वाटते आहे. पण लेकीच्या पायावर पाय द्यायला नको होता, हन्ना.

जालन्याला बसलेल्या बहिऱ्या म्हातारीला खरं सांगून काय उपयोग? केसरबाई तुझ्या भिंतीपलीकडे आहेत. खोली सोडायला सांगतील, ही भीती असेल तर सामान घेऊन इकडे ये. पण सांगून ये.

राग नाही. असता तर एवढं लांब लिहिलं नसतं.

तुझी,
रूथआत्या


केज
५ मे २०२५

ती. रूथआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

कृपाचा कागद वाचला आणि फार रडले. मग तिला समोर बसवून सांगितलं, की ईस्टर लाजायची गोष्ट नाही, लाजायचं काम मी केलं. यापुढे तू जे विचारशील त्याचं खरं उत्तर देईन, असंही कबूल केलं.

काल फ्रॉक धुऊन, इस्त्री करून घेतला आणि कृपाला घेऊन केसरमावशींकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो, त्या दिवशी आमच्या सणाची तयारी होती, मुलींना मी येशूची गोष्ट सांगत होते. त्यांनी हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, की फ्रॉक म्या पोरीला दिलाय, तारखेला न्हाई. तो माघारी घेणार न्हाई. पण एवडे वाईट हाओत का आमी, की तुला आमच्यापाशी सन लपवावा लागला?

मला मान वर करता येईना. मी एवढंच म्हणाले, की मी बजरंगला भ्याले.

त्यांनी त्याला तिथेच हाक मारली आणि सिस्टर काय म्हणते ते ऐक म्हणाल्या. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, की मित्रांनी फोनवरचं दाखवलं, तू घरमालक हायस, जाऊन बग म्हणाले, म्हणून गेलतो. मग त्याने मला विचारलं, सिस्टर, खरं सांगितलं असतं तर म्या तुमाला काय केलं असतं, असं वाटलं तुमाला?

काही नाही, असं मी म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही, आत्या. मधला वेळ त्यालाही कळला, केसरमावशींनाही कळला. तो उठून बाहेर गेला. केसरमावशींनी पदराने तोंड पुसलं आणि चहा ठेवायला उठल्या. आम्ही तो प्यालो. खोलीचा विषय निघाला नाही.

परत येताना अंगणात कृपाने माझा हात ओढला. बजरंगकाकांना काही नाही म्हणायला तुला इतका वेळ का लागला, असं तिने विचारलं. तिला कबूल केलं होतं, म्हणून खरं ते सांगितलं. त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून.

तुझ्या प्रार्थनेत आम्हाला धर, आणि बजरंगलाही.

तुझी,
हन्ना