पहिल्या उडीचं फुटेज

सिवनी, मंगळवार

प्रिय रोशन,

जय भीम. पत्र हाताने लिहितो आहे, हसू नको. माझं अक्षर तुला माहीत आहे, नववीत सरांनी माझा पेपर उलटा धरून पाहिला होता. पण मोबाईलवर लिहिलं की मिटवता येतं, आणि गेल्या दोन वर्षांत तुला लिहून किती वेळा मिटवलं त्याचा हिशोब नाही. कागदावर खोडलं तर निदान खोडल्याचं दिसतं.

रविवारी मोबाईलवर तुझा आवाज रेकॉर्ड होऊन आला. मी लग्नाच्या एका लॉनच्या मागे जनरेटरपाशी उभा होतो, म्हणून कानाला लावून तीनदा ऐकला. "पम्या, एकच काम कर बे. पहिल्या उडीचं फुटेज पाठव. मी आखूड कसा पडलो ते मले पाहायचं आहे. आखूड पडणारा माणूस दुसऱ्या खेपेले एवढा लांब कसा जाते? दिवसभर पडल्या पडल्या तेच जोडून राहिलो, जुळूनच नाही राहिलं." हे तू पाचव्यांदा मागितलंस. एकदा मी हार्ड डिस्क उडाली म्हणालो, एकदा कार्ड सौरवकडे आहे म्हणालो. बाकीच्या वेळी उत्तरच दिलं नाही.

मी कुठे कुठे होतो ते सांगतो. आधी गोंदियाला, मग रायपूरला एका ड्रोनवाल्याकडे, मग बैतूल. आता इथे भैयाजी म्हणून एक लग्नाचे फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे लाईट धरतो. कॅमेरा हातात घेत नाही. त्यांनी दोनदा दिला, मी दोनदा परत केला. म्हणतात, "अजीब लडका है, नागपूर से आया और बटन से डरता है." परवा एका नवरदेवाला धुरातून एन्ट्री पाहिजे होती. धुराची मशीन सुरू केली तशी घोडी बिथरली आणि नवरदेवासकट सरळ कारंज्यात जाऊन उभी राहिली. वर फेटा, खाली पाणी, आणि बँडवाले वाजवतच राहिले. मी हसलो, आणि लगेच वाटलं, तू पाहिजे होतास, घोडी आवरायला तूच आधी धावला असतास. मग हसू गेलं. बघ, भरकटलो. मला सांगायचं आहे ते घोडीचं नाही.

आपले सात पिक्चर झाले होते. सगळ्यात मोठा अकरा मिनिटांचा. सीताबर्डीवर घेतलेला तो जुना कॅमेरा आठव, त्याची स्क्रीन उघडी राहत नव्हती म्हणून आपण रबरबँड लावायचो. पाईपला बूटपॉलिश लावून पिस्तूल केलं होतं. सौरवकडे लेदरचं जॅकेट होतं एवढ्यासाठी तो व्हिलन, आणि मे महिन्यात ते घालून मरताना खरोखरच मरायला टेकायचा. ठोशाच्या आवाजासाठी तू ओला टॉवेल पोत्यावर आपटायचास आणि मी रेकॉर्ड करायचो. सिंधूकाकू तुमच्या घरातून ओरडायच्या, "कपडे धुऊन राहिले का मार खाऊन राहिले गा पोट्टेहो?" तो आवाज एका मारामारीत तसाच राहून गेला होता. सगळ्यात जास्त कॉमेंट त्यावरच आल्या.

आणि माझं नाव. कन्हान नदीच्या वाळूत आपण अर्धा दिवस फाईट घेतली, तू आणि सौरव रक्त निघेपर्यंत लोळलात, आणि घरी येऊन कार्ड पाहिलं तर सगळी वाळू आणि माझ्या चपला. त्या कॅमेऱ्याला एकच लाल बटन. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. मी आधीच कधीतरी दाबून बसलो होतो, म्हणून ॲक्शन म्हणताना बंद केला आणि कट म्हणताना सुरू. तू माझं नाव बटन ठेवलंस. पुढच्या पिक्चरला परत तेच झालं तेव्हा तू पोरांसमोर म्हणालास, "आता आणखी एकदा असं केलं ना बटन, तं कॅमेरा सौरवच्या हातात, अन् तू पोत्यावर टॉवेल मार." सगळे हसले. मीही हसलो. मला शाळेत, घरी, कुठेच काही नीट येत नव्हतं, रोशन. तू 'डायरेक्टर' म्हणायचास तेवढंच एक होतं.

खाप्याच्या शूटिंगचा दिवस तुला माहीतच आहे, तरी लिहितो. कापसाच्या बंद जिनिंग मिलचं पंधरा फुटी छत. देवाजीकाका कळमन्याच्या मार्केटातून संत्र्याचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके घेऊन टेम्पोत बसून स्वतः आले होते. हमालीतून सुट्टी काढून. आपलं पोरगं कशावर पडणार ते मी पाहीन म्हणाले. खोक्यांच्या पाच रांगा, दोन थर, पलीकडे लगेच सिमेंटचा ओटा. काकांनी एकेक खोका गुडघ्याने दाबून पाहिला. सौरवला ताप होता म्हणून आपण तिघंच. तू उडी मारलीस. मी म्हणालो आखूड पडली. आपण चेपलेले खोके बदलले, तू परत वर गेलास, लांबून धावत आलास, आणि खोक्यांच्या शेवटच्या रांगेच्या काठावर कमरेने पडलास, अर्धा खोक्यांवर, अर्धा ओट्यावर. तुझा आवाज झाला नाही. खोक्यांचा झाला.

मग मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, ऑपरेशन, आणि डॉक्टर कमरेखालचं काय म्हणाले ते. पोलिसांना तू पडल्या पडल्या सांगितलंस की माझीच उडी चुकली, कोणाचा दोष नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तुझ्या पायाला हात लावून उभा होतो आणि तुला ते कळत नव्हतं. काका बाहेर बाकावर बसून एकच म्हणत होते, "अजून दोन रांगा आणल्या असत्या तं. मार्केटात खोक्याले काय तोटा होता?" सौरव सांगत होता की ते अजून तेच म्हणतात, आणि मार्केटात खोक्यांच्या ढिगाकडून जात नाहीत, लांबून वळसा घेतात. तू स्वतःला दोष देतोस, ते स्वतःला देतात. त्या दिवशी तिथे आपण तिघंच होतो.

आता ऐक. पहिल्या उडीचं फुटेज नाही. कधीच नव्हतं. तू वर चढत होतास तेव्हा मी उजेड पाहायला बटन दाबलं आणि विसरलो. ॲक्शन म्हणताना बंद केलं, कट म्हणताना सुरू केलं, आणि स्क्रीनवर लाल ठिपका पाहिला तेव्हा मला सगळं समजलं. तू खोक्यांतून उठत होतास. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, तू शिवी दिली असतीस आणि फार तर कॅमेरा काढून घेतला असतास. मला तेवढंही नको होतं. म्हणून आखूड पडली म्हणालो, म्हणजे तू परत मारशील. उडी कशी होती ते आता लिहून देतो, कारण कॅमेऱ्यातून मीच पाहिली. तू छताच्या कडेवर डावा पाय दिलास, शर्ट पाठीवर फुगला, गुडघे जोडलेले, हनुवटी छातीला, आणि तिसऱ्या रांगेच्या बरोबर मध्ये पाठीवर पडलास. यापेक्षा चांगली उडी मी कोणाची पाहिली नाही. आखूड नव्हती. तू लांब गेलास ते चुकून नाही, मी सांगितलं म्हणून गेलास. तुला जेवढं सांगितलं तेवढाच गेलास.

या पत्राला चिकटवलेलं कार्ड ते आहे. मी दोन वर्षं पाकिटात घेऊन फिरतो आहे, फेकायला दोनदा वैनगंगेच्या पुलावर गेलो होतो. त्यात ती उडी नाही, तिच्या नंतरचं अठ्ठेचाळीस सेकंद वाळलेलं गवत आणि माझे बूट आहेत, कारण कॅमेरा माझ्या हातात खाली लोंबत होता. पण आवाज स्वच्छ आहे. आधी तू हसतोस, "कसं वाटलं डायरेक्टर?" मग मी, "आखूड पडली बे, अजून दोन हात पुढं मार." मग काका, "बरी तं होती गा, मधातच पडला." आणि मग तू, "बाबा, तुमाले काय समजते त्यातलं? तो कॅमेऱ्यातून पाहून राहिला." काका खोके बदलायला वाकले, त्याचा खरखर आवाज आहे आणि तिथे संपतं. शुक्रवारी मी नागपुरात उतरतो आहे. तू बोलावलंस तर घरी येतो, पोलिसात चल म्हणालास तर तिकडे. पण माझं काय करायचं ते नंतर ठरव. आधी काकांना जवळ बसव आणि आवाज मोठा करून हे ऐकव. त्यांचं बरोबर होतं.

तुझाच,
बटन