शेवटला कागद आणि अलीकडचा कागद

मी, भिकुबाई भ्रतार कै. नवल पाटील, वय सुमारे पन्नास, धंदा टरबुजाची वाडी, राहणार प्रकाशा, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि माझा हात कोणी धरलेला नाही. मागच्या खेपेला धरला होता, म्हणून हे आधी लिहिले. मी शाळेत दोनच इयत्ता गेले. शहाद्याच्या वकिलांनी सांगितले तसा मजकूर मांडते आहे, पण मध्ये मला बोलायचे ते बोलणार. ज्याला घाई असेल त्याने खालच्या सह्या पाहाव्या.

कलम पहिले. दोन सालांमागे माझ्या नावाने झालेला मृत्युपत्राचा कागद मी आज रद्द करते. मुदतीच्या तापात माझी शुद्ध गेली होती. मला भुईवर घेतले, तोंडात तुळशीचे पाणी घातले. तेवढ्यात माझे धाकटे दीर पितांबर यांनी एक कारकून आणला, कागद लिहवला आणि माझा अंगठा उठवला. मला सही येते हे त्यांना ठाऊक आहे. घर आणि वाडी त्यांच्या नावे, आणि माझी विधवा सून निर्मला हिने ते ठेवतील तसे राहावे, असे त्यात आहे. ते कसे ठेवतील? माझा मुलगा लोटन वारला त्याच्या तेराव्याला यांनी तिला विचारले होते, माहेरी जायला गाडी कधी जुंपू.

मी मेले नाही. उठले आणि पेज मागितली. तेव्हापासून पितांबर गावात सांगत फिरतात. मला तोंडावर म्हणाले, "वहिनी, कागदवर 'शेवटचे' लिखेल शे. शेवटलं म्हणजे शेवटलं. त्यानामांगे आखो काय लिखशात?" शहाणीसुरती माणसेही माना हलवू लागली. दुसऱ्या कागदाला साक्षीला कोणी येईना. मलासुद्धा ते पटले होते. शेवटच्याच्या पुढे माणूस लिहिणार कुठे?

कलम दुसरे. वरच्या गोष्टीचा उलगडा निर्मलाने केला, तो लिहून ठेवणे जरूर आहे. तिचे वडील नंदुरबारला रेल्वेत कारकून. ती इंग्रजी तिसरी शिकलेली आहे. आम्ही दोघी टरबुजाचे बी राखेत घोळत बसलो होतो. ती म्हणाली, "आत्याबाई, काकांच्या त्या कागदावर इंग्रजीत पण लिहिलंय. लास्ट."

मी म्हटले, "मग? इंग्रजीत लिहिलं म्हणजे जास्त शेवटलं झालं का?"

"तसं नाही. त्यांच्यात दोन शब्द आहेत. लेटेस्ट म्हणजे आजवर जेवढं झालं त्यातलं सगळ्यात अलीकडचं. त्याच्यामागून आणखी येऊ शकतं. लास्ट म्हणजे सगळ्यात शेवटलं. त्याच्यामागून काही येत नाही."

"यंदाची वाडी कोणती?"

"लेटेस्ट."

"म्हशीचं पारडू?"

"म्हैस आहे तोवर लेटेस्ट."

"आणि माझा कागद?"

"तुम्ही आहात तोवर लेटेस्टच. लास्ट कोणता होता, ते तुम्ही गेल्यावर ठरेल."

माझा हात राखेतच राहिला. शब्द आपल्याकडेही आहेत, नाहीत असे नाही. पण आपण दोन्हीला 'शेवटलं' म्हणून मोकळे होतो. आज आलेल्या गाडीलाही शेवटली म्हणतो आणि जिच्यामागून कधी दुसरी येणार नाही तिलाही शेवटलीच. त्या लोकांनी मध्ये एवढी मोठी दरी पाहिली आणि दोन्ही काठांना वेगळे नाव ठेवले. त्यांच्याबद्दल मला बाकी काही चांगले म्हणायचे नाही, पण हे पाहणारा कोणी डोळस माणूस असला पाहिजे.

मग मला लोटन आठवला. तो रोज उजाडता वाडीवर निघे आणि उंबऱ्यातून म्हणे, "येस, माय." येतो, आई, एवढेच. त्या दिवशीही म्हणाला. दुपारी त्याला बाजेवर घालून आणले, वाडीत साप चावला होता. ते 'येस' आदल्या दिवसासारखेच होते. आवाज वेगळा नव्हता, त्याच्यावर काही खूण नव्हती. उंबऱ्यातून निघाले तेव्हा ते नुसते अलीकडचे होते. मागून दुसरे आले नाही, म्हणून ते शेवटचे झाले. आता ते एवढे मोठे आहे की घरात मावत नाही. मी हे पुष्कळ उलटून पालटून पाहिले आहे. त्याने बोलताना ते शेवटचे केले नाही, मी ऐकताना केले नाही. मग केले कोणी? वकिलांना विचारले तर ते म्हणाले, हे कायद्यात बसत नाही.

कायद्यात काय बसते तेही विचारले. जो कागद सगळ्यात मागाहूनचा, तोच चालतो, आधीचे सगळे जातात. म्हणजे निर्मला बरोबर होती आणि पितांबर दोन साले उगाच घसा बसवत होते.

कलम तिसरे. माझे राहते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे घेऊन दिलेले आहे, त्यावर सासरच्यांचा हक्क नाही. ते निर्मलाला दिले आहे. तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच. ज्याला हे आवडणार नाही त्याने आपल्या घरात बसून न आवडू द्यावे.

कलम चौथे. तापीच्या पात्रातली वाडीची जागा, फावडी, घागरी, दोर आणि राखेतले बी निर्मलाला. वकील म्हणाले, "बाई, जी जमीन पाण्याखाली आहे ती लिहून कशी देता?" मी त्यांना म्हटले, एकदा कार्तिकात येऊन पाहा. पूर गेला की जी भुई वर येते ती गेल्या सालची नसते. गेल्या सालची समुद्राकडे गेलेली असते. वरच्या अंगाने कुठून कुठून आलेला गाळ नदी आणून ठेवते, गार, काळा, त्याच्यावर चिमणीचासुद्धा पाय नाही. दरसाल मी पहिले पाऊल टाकताना चपला हातात घेते. एवढी साले झाली तरी अजून दबकूनच टाकते. यंदाचीही आज वर येते आहे, हे लिहिताना उंबऱ्यातून दिसते. तर जमीन नाही, जागा लिहा म्हटले. नदी तिथे जे आणून ठेवील ते निर्मलाचे.

कलम पाचवे. माझा तांब्याचा हंडा पितांबर यांची बायको शोभाबाई हिने लग्नकार्याला नेला तो आणला नाही. तो तिच्याकडेच राहू द्यावा. फक्त तो माझा आहे, हे तिने रोज पाणी भरताना मनात म्हणावे.

कलम सहावे. वकिलांनी कागदाच्या डोक्यावर 'शेवटचे मृत्युपत्र' घालायला सांगितले. मी घातले नाही. ते म्हणाले, रीत आहे. मी म्हटले, जे मला ठाऊक नाही ते मी लिहून सही करणार नाही. मागे कारकुनाने तेच केले होते. हे माझे आजपर्यंतचे सगळ्यात अलीकडचे मृत्युपत्र आहे. तो दुसरा शब्द कोणी लिहायला नको, मी गेले की आपोआप लागेल.

हा मजकूर आज ओसरीवर साक्षीदारांसमोर वाचला. पितांबर यांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "वहिनी, हाई तरी शेवटलं शे ना?"

मी म्हटले, "ते माले कसं समजी, भाऊ? तुमले समजी."

सही: भिकुबाई भ्रतार नवल पाटील, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. फकीर वल्द कय्युम, गाडीवान, राहणार प्रकाशा. सही.
२. छगन वल्द भटू पाटील, राहणार प्रकाशा. मागे आलो नव्हतो, आज आलो. सही.

मुक्काम प्रकाशा, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६३