सात टक्के ओल

८ जानेवारी १९८३
पॉलिटेक्निकची अभ्यासरजा ३० एप्रिलला संपते. त्याआधी एम.ई.चा प्रबंध टंकून, बांधून विद्यापीठात गेला पाहिजे. नाही तर पुन्हा हातात खडू आणि पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग. चौतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा रजा कोण देतो?
विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी पक्का केला. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की वाफ कोंडते आणि ओतीव लोखंडात भोकं पडतात. किती ओलीला किती भोकं, एवढंच मोजायचं. पुस्तकात आहे, पण आपल्या इकडच्या वाळूचं कुणी मोजलेलं नाही.
उद्यमनगरातल्या एका फौंड्रीचा होकार आला. भट्टी मंगळवारी-शुक्रवारी पेटते.

११ जाने.
साचे दस्तगीरचाचा करतात. साठीला आलेत, जन्म याच वाळूत गेला. मला दुसऱ्या ढिगात पहिल्याएवढीच ओल हवी होती. चाचांनी वाळू मुठीत आवळली, गोळा मोडून पाहिला, म्हणाले, "अजून अर्धा तांब्या." पाणी घातलं. मी यंत्र लावलं. पहिला ढीग पाच टक्के, दुसराही पाच. तिसऱ्यालाही तेच. बी.ई.ला फर्स्ट क्लास मिळवलेला माणूस वाळूच्या ढिगापाशी तोंड वासून उभा!
संध्याकाळी लोखंड ओतलं. दर वेळी वाटतं, आता सरावलो. कुठलं काय. पळीतून ते पाण्यासारखं वाहतं आणि अंगावर काटा येतो.

२ फेब्रु.
ओतलेले साठ नग कापून झाले. तीन, चार, पाच टक्के: भोकं नाहीत. ठीक. सहाला नाहीत. सातलाही नाहीत! सातला चाळण व्हायला हवी होती. सरांनी दोन-तीन नग हातात घेऊन पाहिले. मग, "सगळं पुन्हा एकदा ओता. तेच आलं तर मोठी गोष्ट आहे."

६ फेब्रु.
डोकं ठिकाणावर नाही. आपल्या नदीच्या वाळूत असं काय असेल, की एवढं पाणी पिऊनही लोखंडाला इजा करत नाही? रोज पायाखाली तुडवतो ती वाळू. चौथं प्रकरण लिहायला घेतलं, एका बैठकीत अकरा पानं.

५ मार्च
एरवी ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नग आणायला जातो. आज कॉलेजात माझा सकाळचा तास झाला नाही, लवकर गेलो. चाचा घणाने एक नग फोडत होते. त्यावर माझा नंबर. सात टक्के, दहावा.
"चाचा, हा माझा नग."
"व्हय की. ठोकला तर पोकळ वाजला. त्येच्यासाठीच धा-बारा साचे जादाचे करतोय सुक्या वाळूत. पोकळाचा नंबर त्येच्यावर घालतोय."
"आजवर असे किती फोडले?"
"मोजतंय कोण? खराब माल आमच्या दारातनं भायेर जात न्हाय, मास्तर. परीक्षा हाय तुमची. भोकं पडलेलं घिऊन गेला असता, तर नापासच केलं असतं की तुमास्नी."
फोडलेला माल परत भट्टीत. म्हणजे माझी सगळी भोकं वितळून गेली. राग आला तो गिळला. किती नग हवेत ते मी सांगितलं होतं, कशाला हवेत ते सांगितलंच नव्हतं.

७ मार्च
कुणाला कळणार नाही. तक्ते सुबक आहेत. वेळेत पदवी मिळेल. सुमनला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "पण तुम्हाला कळलंय ना?"
बायकोपुढे शहाणपण चालत नाही.

८ मार्च
सरांना सांगितलं. त्यांनी वाचायला दिलेली चौथ्या प्रकरणाची अकरा पानं शांतपणे परत दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "त्या चाचांना इकडे घेऊन या."

१० मार्च
चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले. चपला प्रयोगशाळेच्या बाहेर काढल्या. सरांनी स्वतः मायक्रोस्कोप लावून दिला. खाली चाचांच्याच लोखंडाचा घासून चकचकीत केलेला तुकडा. पांढऱ्यात काळ्या वाकड्या रेघा. बराच वेळ डोळा काढेनात.
"ह्ये माझं लोखंड?"
"तुमचंच."
"आत ह्ये असं असतंय व्हय."
एवढा जन्म ओतण्यात गेला आणि आत आज पाहिलं. मीही पुन्हा डोळा लावला. शंभरदा पाहिलेलं, पण आज पहिल्यांदा पाहिलं असं वाटलं.
मग सरांनी समजावलं की आम्हाला चांगल्याइतकेच खराब नगही हवेत, कारण शिकायचं त्यातूनच. चाचा खाली बघत म्हणाले, "म्हंजे तुमचा आब्यास मी भट्टीत घातला."

१९ मार्च
काल नव्याने ओतलं. सात टक्क्यांचे बारा नग, नऊ पोकळ. मी हरखलो. चाचांचा चेहरा मात्र बघवेना. नऊच्या नऊ ओळीने मांडले आणि वर गोणपाट टाकलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, गोणपाट उचलून बघायला लागलं. चाचा धावले. "पावणं, ते आमचं न्हवं."

९ एप्रिल
अजून चार ओतण्या बाकी. म्हणजे दोन आठवडे, मग टंकलेखन. सर म्हणतात, मुदतवाढीचा अर्ज करा. पॉलिटेक्निक म्हणतं, रजा वाढणार नाही. आज आहे तेवढ्याचा आलेख काढला. पाचपर्यंत आडवी रेघ, सहाला जराशी उचललेली, सातला सरळ आभाळात. हात थांबला. ही रेघ चाचांच्या मुठीला आधीपासून ठाऊक होती.
आलेख फौंड्रीत नेऊन दाखवला. चाचांनी रेघेवरून बोट फिरवलं.
"ह्या पुस्तकात माजं नाव येणार काय?"
"येणार की. पहिल्याच पानावर."
चाचांनी पोकळ नगांवरचं गोणपाट नीट ओढून घेतलं.
"मग त्येच्या खाली लिवा, ही भोकं मुद्दाम केल्यात म्हणून."