एका पायावरचा राक्षस

२२ फेब्रुवारी

लोखंडाचा सण! सकाळीच नैवेद्य मांडले — कोयत्याला, पोराच्या, कादेकच्या मोटारसायकलला, शिवणयंत्राला, आणि शेवटी अंगणातल्या शेडमधल्या वेल्डिंग मशीनला. त्याच्यापुढे जरा मोठाच. फुलं, भात, भाजलेलं कोंबडं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मशीनला कोंबडं आणि नवऱ्याला नुसता भात?"

नवरा पायरीवर बसला होता, शेडकडे पाठ करून. अर्धांगाच्या झटक्यात यांचा उजवा हात गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पाठच. मशीन यांचं. गंजू नये म्हणून मी हात लावला आणि आता सुटत नाही! कुंड्यांचे स्टँड झाले, कोंबड्यांचं खुराडं झालं, देवळाचं फाटकसुद्धा झालं. पण बरं की वाईट, एका शब्दाने बोलले नाहीत कधी.

२३ फेब्रुवारी

वस्तीतली पोरं आली. अर्नावा त्यांचा म्होरक्या. मौनाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मिरवायचा बांबू-कागदाचा राक्षस यंदा एका पायावर उभा करायचाय म्हणे! दुसरा पाय हवेत, पंख पसरलेले.

"काकू, घोटा तुम्ही करायचा. सगळा भार त्याच्यावर."

"का? बाजारातला वेल्डर मेला का?"

"तो घाईत उरकतो. तुम्ही भांडत करता, पण नीट करता."

फुशारून हो म्हटलं. मग कळलं, राक्षस ज्या बांबूच्या चौकटीवर उचलून नेतात, तिच्या त्या पायाखालच्या कोपऱ्याला खांदा माझ्या कादेकचा आहे. "तू केलंस म्हटल्यावर मला कसली भीती, आई!" म्हणतो. त्याला नसेल. मला आहे.

२ मार्च

घोट्याला सुरुवात. एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात डोळे वाचवणारी काळी काच. काच डोळ्यांपुढे धरली की आधी मिट्ट काळोख. मग रॉड टेकतो आणि — तो! टिचभर सूर्य. त्याच्यामागे वितळलेल्या लोखंडाचं तळं, भाताच्या शितापेक्षा मोठं नाही, थरथरतं. माझा हात जाईल तिकडे मागोमाग येतं. एवढं कडक लोखंड, आणि माझं ऐकतं! मी शाळेच्या खानावळीत जन्म काढलेली बाई. दरवेळी अंगावर काटा येतो, दरवेळी वाटतं, हे मीच करतेय का?

गार झाल्यावर वरची काळी खपली ठोकून काढली. खाली लकलकीत रेघ, माशाच्या खवल्यांसारखी. कितीतरी वेळ बोट फिरवत बसले.

३ मार्च

रॉड सारखा चिकटतोय! हवा दमट. शिव्या दिल्या, मग मशीनची माफी मागितली.

१४ मार्च

पाय उभा केला. तांदळाची पोती टांगली, वर पोरंही लटकली. हलला नाही!

२४ मार्च

राक्षस पुरा झाला. मान वर करकरून दुखायला लागली. सुळे, जटा, लाल डोळे, नारळाच्या झाडाशी स्पर्धा करणारे पंख. आणि हे सगळं धूड माझ्या घोट्यावर उभं! तोंडात बोट घालायची वेळ आली.

हेही आले होते बघायला. परतताना वाटेत म्हणाले, "उभा राहील. फिरेल का?"

तीन वर्षांत माझ्या कामाबद्दल पहिला शब्द, आणि तो हा! इतका संताप आला की घरापर्यंत यांच्या चार पावलं पुढेच चालले.

२५ मार्च

सकाळी फडकं धुवून पिळलं आणि तशीच थांबले. पीळ!

चौकात राक्षस गरागरा फिरवतात. एकदा नाही, तीनदा. जन्मापासून बघतेय मी! खाली येणारा भार तोलला, पण पिळाचा विचारच केला नाही. आणि खाली कादेक.

तशीच पळत गेले.

"काकू, रंग वाळलाय! आता कापायचा?" अर्नावा रडकुंडीला आला.

"कापायचा."

"डोकं फिरलंय तुमचं!"

"माझं फिरू दे. तो फिरताना मोडला तर कुणाचं फुटेल ते सांग."

पाना घेऊन आला. राक्षसाला आडवा केला, गुडघ्याचे बोल्ट काढून पाय शेडमध्ये आणला. घोट्यावरचा कागद फाडून पुढून एक पट्टी जोडली, मागून एक. हे पाठ करूनच बसलेले. बरोबर बोललात, असं म्हणायला हवं होतं मी. पण म्हटलं नाही.

२६ मार्च

देवांना स्नानाला घेऊन सगळा गाव समुद्रावर. हे घरीच राहिले, एवढं चालवत नाही म्हणून. परत आले तर शेड रिकामी! पोरं आधीच परतून पाय घेऊन गेली म्हणे, कागदही चिकटवला. मशीनची केबल उलटी गुंडाळलेली. एक काम धड येईल तर शपथ!

यांचे डोळे लालभडक, पाण्याची धार. विचारलं तर म्हणाले, "चुलीचा धूर." आमच्याकडे गॅस आहे! पण स्वयंपाकाची घाई, कुठे वाद घालणार. काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडलेत.

२८ मार्च



राक्षस चौकात आला तेव्हा विजेच्या तारांच्या वर डोकं. ढोल, झांजा, मशाली. पोरांनी पहिला फेरा घेतला, पंखांचा वारा तोंडावर आला. दुसरा. तिसऱ्याला पायातून कर्रकन आवाज आला — मी ऐकला! कादेकची मान तेवढी दिसत होती, घामाने चमकणारी. राक्षस कलला, पंख थरारले, आणि पुन्हा ताठ उभा राहिला. एका पायावर! मी रडत होते आणि ओरडतही होते. असलं काही आयुष्यात बघितलं नाही.

मग स्मशानाजवळच्या माळावर जाळला, दरसालसारखा. बघवेना आणि नजरही हलेना.

२९ मार्च

मौन. आज आग नाही, दिवा नाही, काम नाही. लिहिणं हे काम धरत असतील तर माफी असावी. एवढंच लिहिते — हे आज शेडकडे तोंड करून बसलेत.

३० मार्च

राखेतून घोटा उचलून आणला. माझ्या पुढच्या पट्टीचा जोड फाटलाय. मागच्याचाही.

आतल्या बाजूला तिसरी पट्टी आहे. मी लावलेली नाही. रेघ वेडीवाकडी, जाडीभरडी, उलट्या बाजूने ओढलेली — डाव्या हाताची. तिला कुठेही तडा नाही.

काच धरायला दुसरा हात लागतो.