प्रचारातला रिकामा हंडा

आई, गेल्या निवडणुकीत तुझं एक वाक्य टेम्पोवर कर्णे लावून वेल्ह्यापासून पानशेतपर्यंत ओरडत फिरवलं गेलं. तुझं नाव कुणी घेतलं नाही, तुझा फोटोही कुठे नव्हता, पण वाक्य तुझंच होतं आणि ते प्रचारवाल्यांना मी दिलं होतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून लिहायला बसलोय. भोरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. इथे नळाला पाणी येतं, आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी बादल्या भरायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मधूनमधून उठावं लागतंय. डोक्यात मात्र महिनाभर एकच गोष्ट घोळते आहे आणि तिची मला शिसारी येते. सुरुवातीला त्यांची यायची. आता माझीही येते.

तुझी रीत मला पुन्हा नीट लिहून काढायची आहे, कारण त्या लोकांनी तिचं जे केलं ते इतक्या वेळा बघितलंय की मूळ कसं होतं ते माझ्याच मनात पुसट व्हायला लागलंय. मत मागणाऱ्यांची जीप देवळापाशी थांबायची, पुढे वाटच नव्हती. मंडळी दारोदार फिरत आपल्या ओट्यावर येऊन टेकायची. तू घोंगडी अंथरून द्यायचीस, डोक्यावरचा पदर सारखा करायचीस आणि मुख्य माणूस कोण ते बरोबर हेरून त्याला म्हणायचीस, "च्या ठिवते सायेब, पन घरात पानी न्हाई. चला, झऱ्यावरनं एक हंडा घिऊन येऊ. आदी पानी आनू, मग मताचं बगू." घरात पाणी असायचं. मोरीतली भरलेली कळशी मी डोळ्यांनी पाहिलेली असायची आणि माझे कान गरम व्हायचे. निम्मे लोक हसून, पुढच्या वेळी नक्की, असं म्हणत उठायचे. काही जण बरोबरच्या कार्यकर्त्याला पिटाळायचे. त्याने आणलेल्या पाण्याचा चहा तू सगळ्यांना पाजायचीस, पण मत द्यायची नाहीस. करवंदीच्या जाळ्यांमधून उतरणारी ती मुरमाची वाट, पाय ठेवला की खडे घसरतात, आणि समोर खाली धरणाचं एवढं मोठं पाणी पसरलेलं, जे आपलं नाही. वाट उतरताना तू काही बोलायची नाहीस. ज्याला दिसायचं त्याला दिसायचं.

त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाची आठवण आहे ना? मी नुकताच मास्तर झालो होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. तो आला तो परीटघडीच्या कपड्यांत, पायात करकरीत कोल्हापुरी, केस चोपून बसवलेले. मी आत चुलीपाशी येऊन तुला म्हणालो, "बघ, नवरदेव आलाय. असल्यांना काय कळणार आपलं." तू भाकरी थापत होतीस, नाचणीची. हात न थांबवता तू मला झापलंस. "इस्त्री करून आला म्हंजी आपल्या घरी यायचंय ह्ये त्याला ठावं हाय. पावन्याच्या घरी जाताना तू फाटकं घालून जातूस का? कापडं बगून हसू नगं. चालतो कसा त्ये बग." मग त्याला घेऊन तू उतरलीस, आणि मीही मागे आलो. तिसऱ्या वळणावर तो सपशेल आपटला. धोतराला मागे तांबडी माती. तो उठला, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी खाली आला. येताना कळशी खांद्यावर घेऊन वर चढला, दोनदा थांबला, पण कुणाला दिली नाही. ओट्यावर बसून धाप गेल्यावर तो म्हणाला, "बाई, घरात नळ आणीन असं मी सांगणार नाही, ते माझ्याच्यानं होणार नाही. झऱ्याला बांधीव टाकं आणि वाटेला पायऱ्या, एवढं करीन." तू त्याला मत दिलंस. पुढच्या उन्हाळ्याआधी पायऱ्या झाल्या, टाकं झालं. त्यानंतर तू त्याच्याबद्दल कधी बरं बोलली नाहीस आणि वाईटही बोलली नाहीस, काम झालं एवढंच.

आणि दुसरा तो. साधा, अंगात मळका सदरा, स्वभावाने इतका सरळ की गावात सगळे त्याला देवमाणूस म्हणायचे. तो तर तू म्हणायच्या आधीच हंडा घेऊन निघाला आणि एक सोडून दोन खेपा करून आला. मला वाटलं ह्याला तुझं मत पक्कं. चहा झाल्यावर तू विचारलंस, "तितं कचेरीत सायबाम्होरं काय बोलशीला?" तो मान खाली घालून म्हणाला, "मला बोलता येत नाही मावशी." तू त्याला मत दिलं नाहीस. मी हट्टाने कारण विचारलं तेव्हा म्हणालीस, "मला पानी आनायला गडी न्हाई पायजे." मी तेव्हा तुझ्यावर चिडलो होतो. मला वाटायचं की चांगल्या माणसाने दिसायला वाईटच असावं आणि बोलायला अडखळावं, म्हणजे तो खरा. पोशाख, बोलणं आणि काम ह्यांतल्या कशाला किती मोल द्यायचं ते तू चुलीपाशी बसून ठरवलं होतंस, आणि मला ते कळायला निवृत्त व्हावं लागलं.

आता ह्या वेळचं सांगतो. पंचायत समितीला जो उभा होता तो माझा विद्यार्थी. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, अक्षर चांगलं, पाठांतर चांगलं. त्याच्या प्रचाराचं काम बघणारी एक बाई पुण्याहून आली होती, तिशी-पस्तिशीची, हुशार, बोलायला मोकळी. ती एकदा भोरला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे गाणं आहे, ड्रोन आहे, फ्लेक्स आहेत. पण लोक म्हणतात की ह्यात काही राम नाही. तुम्ही मतदार म्हणून सांगा, आम्ही काय करावं?" आई, मला इतक्या वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. निवृत्त मास्तराला कोण काय विचारतं. मी फुशारलो. उत्रोलीच्या बाजूला रोज फिरायला जातो तो त्या दिवशी गेलो नाही, आणि टाकाने तीन पानं लिहून काढली. गाणं जरूर लावा, पण भाषण सुरू व्हायच्या आधी बंद करा. कपडे चांगले घाला, लोकांना मान दिल्यासारखं वाटतं. एका गावात एकच गोष्ट बोला आणि ती कुठल्या महिन्यात होईल ते सांगा. जे जमणार नाही तेही तोंडाने सांगा, त्याने मतं जात नाहीत, येतात. ऐकून घेतलेलं लिहून घ्या आणि निघायच्या आधी त्या माणसालाच वाचून दाखवा. आणि शेवटी उदाहरण म्हणून तुझी गोष्ट लिहिली, झऱ्याची, तुझ्या वाक्यासकट. तिने तिन्ही पानं माझ्यासमोर बसून नीट वाचली, मग तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "सर, हे सोनं आहे. हे आपण शूट करू." बाकीची दोन पानं ती टेबलावरच विसरून गेली. अजून आहेत माझ्याकडे.

वाट दाखवायला मीच त्यांच्याबरोबर गावी गेलो. पायऱ्या बऱ्याच निखळल्या आहेत, टाक्याला खालून तडा गेलाय, पाणी ठरत नाही. तुझ्या जागी कुणी बाई हवी म्हणून शेजारच्या वहिनीला बोलावलं. ती आता साठीच्या पुढे गेली, गुडघे धरून चालते, तरी रोज त्याच झऱ्यावर जाते. तिला त्यांनी तुझं हिरवं लुगडं नेसवलं. ट्रंकेतून ते काढून मीच नेलं होतं. तिने साधेपणाने विचारलं, "हंडा भरून घिऊ व्हय?" तर कॅमेरावाला म्हणाला, "नको मावशी, भरला की पाणी हिंदकळतं. रिकामाच घ्या, दिसायला सारखंच दिसतं." उमेदवाराच्या खांद्यावरही रिकामी कळशी. घाम येईना म्हणून त्याच्या कपाळावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. प्यायचं, विकतचं. वहिनी तीन वेळा उतरली, तीन वेळा चढली. वर ड्रोन घोंगावत होता. तू चुंबळ कशी ठेवायचीस, हात कुठे धरायचीस असं त्यांनी विचारलं, तर मी रिकामा हंडा स्वतःच्या डोक्यावर घेऊन चार पावलं चालून दाखवली. काम आटोपल्यावर माझ्या विद्यार्थ्याने वहिनीच्या पाया पडून घेतलं, तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी ऊन तोंडावर येत होतं. मग गाड्या गेल्या. वहिनीने लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं, आपली साडी नेसली आणि हंडा उचलला. मी म्हटलं, "आता कुठं?" ती म्हणाली, "भावजी, पानी कुठं आनलंय आजून? सगळी सकाळ ह्येंच्यातच गेली की." आणि ती चौथ्यांदा उतरली. मी वर उभा राहिलो. लुगडं हातात होतं म्हणून गेलो नाही असं मी बायकोला सांगितलं.

आठवड्यात तुझं वाक्य सगळीकडे झालं. 'आधी पाणी, मग मत'. मार्गासनीच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो तर तो टेम्पो आला. कुठल्याशा बाईने गावच्या भाषेचं सोंग आणून ते म्हटलं होतं, दर वाक्याला एक गं बया, आणि मागे ढोल. बाकावर बसलेली पोरं तालावर पाय हलवत होती. तू हे वाक्य दारात आलेल्या माणसाला म्हणायचीस, त्याच्याकडून काहीतरी घ्यायला. आता दारात आलेला माणूसच ते आम्हाला म्हणत होता, आणि पुन्हा घेणाराही तोच. मी त्या बाईला फोन लावला. ती चिडली नाही. म्हणाली, "सर, लोकांना भावतंय. काम तर निवडून आल्यावरच होणार ना?" मी फोन ठेवून दिला. तुला उत्तर सुचलं असतं.

तो निवडून आला. उन्हाळा लागल्यावर मी त्याच्याकडे गेलो. वहिनीचा फोन आला होता की झरा बारीक झालाय, एका हंड्याला तास लागतो. त्याच्या दारात तीस-चाळीस माणसं. मला बघून तो खुर्चीवरून उठला, वाकला, आणि मला अवघडल्यासारखं होईल इतका वेळ वाकलेला राहिला, कारण फोटो चालला होता. मी म्हणालो, "टाक्याचं कुठल्या महिन्यात होईल तेवढं सांग." "सर, प्रोसेसमध्ये आहे." "महिना सांग." तो हसला, शाळेत उत्तर येत नसताना हसायचा तसाच, आणि म्हणाला, "तुमचा आशीर्वाद असू द्या सर." मी घरी पोचायच्या आत फोटो गावभर फिरला होता, खाली लिहिलेलं, गुरूंच्या चरणी. लोकांनी मला फोन करून अभिनंदन केलं. वहिनीचा फोन आला नाही. मला किळस आली हे खरं आहे, पण त्यात थोडा आनंदही होता, आणि त्याची किळस जास्त आहे.

आई, तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मी तुला वाचून दाखवायचो, आणि तुला लागेल असं काही आलं की तेवढं गाळून पुढे जायचो. हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मी सगळं वाचलं असतं, लुगड्याचं, चौथ्या खेपेचं, फोटोचंसुद्धा. एक सोडून. माझं मत अजून आपल्या गावातच आहे. मतदानाला निघालो तेव्हा एसटीत मोबाईलवर तो व्हिडिओ पुन्हा बघितला. हंडा रिकामा आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी ती हिरव्या लुगड्यातली बाई पाठमोरी चढण चढताना हुबेहूब तू वाटलीस, माझे डोळे भरून आले, आणि शाळेच्या खोलीत जाऊन मी त्याच्याच नावासमोरचं बटण दाबलं. तेवढं मी गाळलं असतं.